सात पाण्यांची लाख

मला पदार्थविज्ञान कोणी शिकवलं असं कुणी विचारलं की मी दोन नावं सांगतो. एक नागपूरचे डॉक्टर पिंपळापुरे आणि दुसरी आमच्या गावची सुगंधाबाई. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारा विनय दाखवतोय. विनय माझ्यात तरुणपणीही नव्हता, तो आता कुठून येणार? जे झालं तेवढंच सांगतो.

१९५५ साली मी एम.एस्सी.साठी नागपूरला गेलो. आमचं गाव आरमोरीपासून तीन कोसांवर, जंगलाला लागून. तिथून इतकं शिकायला बाहेर पडलेला मी पहिलाच, त्यामुळे डोक्यात हवा बरीच होती. आमच्या विभागात तेव्हा संशोधनाची तीन दालनं होती. पहिल्यात वर्णपटाचं काम चाले. तिथले विद्यार्थी दिवसभर काळ्या पडद्याआड असत आणि बाहेर आले की घुबडासारखे डोळे मिचकावत. दुसऱ्यात क्ष-किरणांचं यंत्र होतं, त्याचा रुबाबच वेगळा. तिसरं दालन जिन्याखाली. तिथे ज्यांतून वीज जात नाही अशा पदार्थांचा अभ्यास होई: अभ्रक, मेण, रबर, असलंच काहीतरी. मला क्ष-किरण हवे होते. ते सगळ्यांनाच हवे होते.

पिंपळापुरे सर जिन्याखालच्या दालनाचे प्रमुख. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"भोयर, तुम्ही चांदा जिल्ह्यातले ना? तुमच्याकडे लाख पिकते. लाखेवर काम करा."

माझं तोंड उतरलं. पळसाच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवर किडे जो चिकट थर करतात, ती लाख. आमच्याकडच्या बाया ती खरवडतात, कुटतात, धुतात, आणि तिच्या बांगड्या होतात. ती बघायला नागपूरपर्यंत कशाला यायचं?

"सर, लाख तर आमच्या अंगणात पडलेली असते," मी जरा तोऱ्यातच म्हणालो.

"मग सांगा, पावसाळ्यात तिच्यातून किती वीज गळते?"

विषय ठरला: हवेतल्या दमटपणाचा लाखेवर होणारा परिणाम. आठ दिवस मी सरांवर मनातून जळफळत होतो. आज त्या माणसाचे उपकार मोजायला बसलो तर दिवस पुरणार नाही.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा सुगंधाबाईकडून पाच शेर लाख आणली. सुगंधाबाई आमच्या शेजारच्या अंगणातली, पन्नाशीची, एकटी राहणारी. ठेकेदाराची लाख धुऊन द्यायची, हा तिचा धंदा. दगडी डोणीत कुटलेली लाख टाकायची, पाणी ओतायचं आणि पायांनी मळायची. तांबडं पाणी सोडून द्यायचं, नवं घालायचं. बाकीच्या बाया चार पाण्यांत उरकत. ही सात पाणी देई. सातव्या पाण्यात स्वतःचा पाय स्वच्छ दिसला की मगच लाख वाळत घाले. ठेकेदार सातांचे पैसे देत नसे, तरी ही सातच द्यायची. गावातल्या बाया तिला चिडवत, लाखेले न्हाऊ घालते की पोरीले?

ती लाख वितळवून मी रुपयाएवढ्या चकत्या केल्या. दमट हवेच्या काचेच्या बरणीत चकती ठेवायची, तिला वीज द्यायची आणि इलेक्ट्रोमीटरकडे बघत बसायचं. भिंतीवरच्या पट्टीवर प्रकाशाचा एक ठिपका असे. वीज गळली की ठिपका सरके, नाही गळली तर जागेवर राही. सुगंधाबाईच्या लाखेचा ठिपका हलेचना. बाजारातल्या लाखेचा पाच मिनिटांत पट्टीबाहेर जाई, आणि हा दुपारभर एका रेघेवर. बरणीतली हवा कितीही दमट करा, फरक नावालाच.

सरांनी स्वतः येऊन वेळ मोजला. ते कधी कुणाला शाबास म्हणत नसत. त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या डब्यातली पुरणपोळी दिली. माझे आकडे त्यांनी आमच्या दोघांच्या नावानं एका परिषदेला पाठवलेसुद्धा. उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा मी सुगंधाबाईला नुसतं इतकंच म्हणालो, "बाई, तुह्या लाखेचं नागपुरात लय नाव झालं." कसलं नाव, कशासाठी, हे काही सांगितलं नाही. तिला काय कळणार, असं मला वाटलं. इथेच माझी चूक झाली, पण ते पुढे येईल.

परिषदेकडून जुलैत पत्र आलं. निकाल चांगला आहे, पण नव्या पिकाच्या लाखेवर पुन्हा करून दाखवा, तीस सप्टेंबरच्या आत कळवा. मी गावाला पत्र लिहिलं आणि पंधरा दिवसांत रेल्वेच्या पार्सलनं सुगंधाबाईची नवी लाख आली. चकत्या केल्या. बरणीत ठेवल्या. ठिपका निघाला तो चार मिनिटांत पट्टीच्या टोकाला.

दुसरी चकती, तेच. पाचवी, तेच. पहिली लाख चकत्या करण्यात संपून गेली होती आणि जुन्या चकत्या तापवून, मोडून मी वाया घालवल्या होत्या. ताडून पाहायला काहीच शिल्लक नव्हतं. राहिले होते फक्त माझ्या वहीतले सुंदर आकडे.

सरांनी वही शेवटपर्यंत चाळली. मग शांतपणे विचारलं, "भोयर, हे आकडे तुम्ही पाहिले होते ना?"

"सर, तुम्हीच वेळ मोजला होता."

"एका दिवशी मोजला होता. बाकीचे चाळीस दिवस तुमचे आहेत."

मला कुणी कानाखाली मारली असती तरी इतकं लागलं नसतं. "महिनाभर वाट पाहतो," ते म्हणाले. "कारण सापडलं नाही तर निकाल मागे घेतल्याचं पत्र मीच लिहीन. मग तुम्ही प्रबंध सोडा आणि साधी परीक्षा द्या." म्हणजे आयुष्यभर माझ्या नावामागे कुजबुज राहणार, की हा चांद्याचा भोयर, यानं आकडे घरी बसून लिहिले.

माणूस अडचणीत आला की दुसऱ्याची मान शोधतो. मी लियाकतभाईंची शोधली. ते आमच्या प्रयोगशाळेचे मिस्त्री. तारा जोडणं, काच फुंकणं, पितळेच्या तबकड्या घासणं, सगळं त्यांच्याच हातचं. चकत्यांना त्यांचेच घामाचे हात लागत असणार, असं मी चारचौघांत बोलून बसलो.

लियाकतभाई उठले. हात धुतले, पुसले, नव्या पिशवीतले लाखेचे चार दाणे घेतले आणि सरळ जिभेवर ठेवले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "भोयरसाब, पसीना माझा आहे म्हणता ना? मग हे दाणे तर मी आजपर्यंत शिवलोबी नाई. चाखून पाहा. नमक आहे याच्यात."

मी चाखलं. खारट होतं. अगदी स्पष्ट खारट.

सगळं लख्ख समजलं. मीठ दमट हवेतलं पाणी ओढतं, आणि मिठाच्या पाण्यातून वीज कशी वाहते हे शाळेतलं पोरगंही सांगेल. पण मीठ आलं कुठून? ठेकेदार! दुसरं कोण? वजन वाढवायला मीठ घातलं असणार मेल्यानं. लियाकतभाईंची माफी मागायचं मला सुचलं नाही. रागात असलो की मला असल्या गोष्टी सुचत नाहीत. मी त्याच दिवशी गाडी पकडली.

नागभीडला गाडी बदलून वडसा आणि वडशापासून पुढे मोटार. भाद्रपद होता, नाले भरलेले. आरमोरीच्या अलीकडे मोटार थांबली ती थांबलीच, आणि उरलेली वाट मी चिखल तुडवत चाललो. वाटेत जो भेटेल त्याला सांगत होतो की आज ठेकेदाराचे दात पाडणार. पुरावा म्हणून आधी सुगंधाबाईची साक्ष घ्यायची, मग त्याच्या दारात जायचं, असा माझा बेत होता.

ती डोणीत उभी होती, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. मला पाहून तशीच लाल पायांनी बाहेर आली.

"अगं माय, सोमाजी! पावसापान्याचा कसा आला रे? लाख पोचली का?"

"पोचली."

"मंग? कशी होती?" तिचा चेहरा असा फुलला होता की मला ठेकेदाराचं नाव काढायला क्षणभर उशीर झाला. तेवढ्यात तीच बोलू लागली. "अवंदा म्या लय जपून धाडली बाप्पा. तू सांगून गेला नं, नागपुरात नाव झालं म्हनून? गावभर झालं ते. पत्रू पायले आला, बुधरी पायले आली, हाटातले लोकं येऊन पिशवीत हात घालून पायत. एकजन म्हने, बाईच्या लाखेचं नशीब! मले धस्स झालं. इतक्यांची नजर लागली तं पोराचं काम कसं होईन? म्हनून म्या मीठ उतरवलं."

"मीठ उतरवलं," मी म्हणालो.

"उतरवलं तं मीठ इस्तवात टाका लागते नं? पन लाखेची नजर, आन इस्तव म्हनलं की लाख पघळते. ते मीठ इस्तवात कसं टाकावं? म्या बसून इचार केला. मंग सात डाव उतरवलं आन सातव्या पान्यात घातलं सारं. दोन पसे मीठ. म्हनलं, आता कोनाची नजर लागते पाहू!"

मी तिथेच डोणीच्या काठावर बसलो. वडशापासून जो राग पाठीवर वाहून आणला होता, त्याचं काय करावं कळेना. माझं नाव बुडवणारं मीठ हे होतं. माझ्यासाठी अख्ख्या गावाच्या नजरा उतरवून एका बाईनं ते डोळे मिटून पाण्यात सोडलं होतं. आणि तिनं विचारही केला होता, अगदी आमच्या विभागात करतात तसा, पायरी पायरीनं.

"मंग कशी होती लाख?" तिनं पुन्हा विचारलं.

"मस्त होती."

"मस्त होती तं तू चिखलातून काऊन आला?"

तिला फसवणं सोपं नव्हतं. मी दोनदा काहीतरी बनवून सांगायला गेलो आणि दोनदा अडखळलो. शेवटी सगळं सांगितलं. एका वर्षापूर्वी सांगायला हवं होतं ते, पहिल्यापासून. वीज म्हणजे काय, ती लाखेतून जात नाही म्हणून लाख मोलाची कशी, ठिपका, पट्टी, मीठ हवेतलं पाणी कसं ओढतं ते. वाटलं होतं तिला कळणार नाही. तिनं मधेच अडवून विचारलं, "म्हनजे पावसाळ्यात मिठाच्या मडक्याले पानी सुटते, तसंच नं?" तसंच होतं. याहून सोपं करून मला आजही सांगता येत नाही.

मग तिनं डोणीतल्या पाण्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही रडणार.

"आन तुह्या मास्तरले वाटलं, पोट्टा खोटं बोलला."

"हो."

"माह्या पायी."

"तुह्या पायी नाई बाई. म्या तुले काई सांगतलंच नाई."

"ते तं खरंच हाय," ती म्हणाली आणि उठली. "मीठ पान्यात गेलं तं पान्यानंच निंघन. त्या खेपेतली अर्धी लाख घरात हाय अजून. तू बस."

ती अर्धी लाख तिनं डोणीत ओतली. पाणी भरून मीही पाय धुऊन उतरलो, तर तिनं हाकललं. तुला मळता येत नाही म्हणाली, आणि खरंच येत नव्हतं. एकेका पाण्यानंतर ती ओंजळभर पाणी घेऊन जिभेला लावी आणि थुंकी. पाचव्या पाण्यापर्यंत खारट लागत होतं. सातव्यात लागलं नाही. "तरी अजून दोन देतो," ती म्हणाली आणि नऊ पाणी दिली. वाळायला तीन दिवस गेले, कारण ऊन नव्हतं. ती सुपानं एकेक दाणा उलटत बसली आणि मी तिच्या ओसरीवर भात खात बसलो. ठेकेदाराच्या दारात मी गेलो नाही. तो वाटेत भेटला तेव्हा त्याला रामराम केला, त्याचं त्यालाच नवल वाटलं.

नागपूरला उतरलो तो थेट लियाकतभाईंच्या घरी गेलो. म्हटलं, मी चारचौघांत बोललो, आता चारचौघांतच माफी मागतो, उद्या सगळ्यांसमोर. ते म्हणाले, "मागा, पण आधी लाख दाखवा." दोन दाणे जिभेवर ठेवून बराच वेळ चघळले आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली. सगळ्यांदेखत.

चकत्या झाल्या. बरणीत ठेवल्या. ठिपका एका रेघेवर थांबला आणि दुपारभर थांबला. मी मुद्दाम एका चकतीत चिमूटभर मीठ घातलं, तिचा ठिपका पळाला. सरांनी आठ दिवस रोज स्वतः मोजलं. एकदाही मला वही हातात घेऊ दिली नाही. आठव्या दिवशी परिषदेला पत्र लिहायला घेतलं आणि मला म्हणाले, "कारणाचा मजकूर तुम्ही द्या."

मी लिहून दिलं: नमुना पाठवणाऱ्या व्यक्तीच्या अज्ञानामुळे लाखेत मीठ मिसळले गेले.

सरांनी वाचलं. "अज्ञान कुणाचं?"

"म्हणजे, त्या बाईंना माहीत नव्हतं—"

"त्यांना लाखेबद्दल काय माहीत नव्हतं? वर्षभर तुम्ही त्यांच्याकडून नमुने घेतलेत. आपण काय मोजतो, हे त्यांना सांगितलंत? मी तुम्हाला विचारलं, की सांगितलं का म्हणून? नाही." त्यांनी ते वाक्य खोडलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: नमुना देणाऱ्यास प्रयोगाचा हेतू न सांगणे ही आम्हा दोघा संशोधकांची चूक. मग म्हणाले, "दिवाळीचं पीक आणायला मीही येतो. नमुना कुठून येतो ते मी पाहिलंच नाही अजून."

आणि खरोखर आले. धोतर, कोट, टोपी अशा थाटात पिंपळापुरे सर आरमोरीपासून बैलगाडीनं आले, मांडीवर इलेक्ट्रोमीटरची पेटी. गाडी खड्ड्यात गेली की पेटी उचलून धरत, स्वतः आपटले तरी चालेल. सुगंधाबाईच्या खोलीची दारं-खिडक्या लावून अंधार केला, बॅटरीचा दिवा लावला आणि सारवलेल्या भिंतीवर पट्टी टांगली. बुधरी, पत्रू आणि निम्मं गाव बंद दाराच्या आत दाटलेलं. आधी धुतलेली चकती बरणीत ठेवली. ठिपका भिंतीवर उभा राहिला.

सुगंधाबाई त्याच्यासमोर बसली. बराच वेळ गेला. दाराशी दाटलेली माणसं कंटाळून हलू लागली, ही मात्र बघतच होती.

"आता मिठाची लावा," ती म्हणाली.

मी नको म्हणत होतो. सरांनी लावली. ठिपका सरकला, सरकत सरकत पट्टी ओलांडून गेला आणि कोपऱ्यातल्या मडक्यावर जाऊन दिसेनासा झाला. सुगंधाबाईनं तोंडावर हात ठेवला. मग उठून सरांकडे वळली.

"डॉक्टरसाहेब, हे पाहून तुमी पोट्ट्याले खोटा म्हनलं होतं नं?"

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. सरांनी टोपी काढून हातात घेतली.

"म्हटलं नाही. पण मनात आणलं होतं."

"मंग माह्यी चूक म्या पाह्यली. भिंतीवर पाह्यली, साऱ्या गावासमोर." तिचा आवाज चढला नाही, उतरला नाही. "आता तुमचं काय हाय ते तुमी सांगा त्याले."

आमच्या विभागात त्या माणसाला असं बोलायची कुणाची हिंमत नव्हती. सर माझ्याकडे वळले. दिव्याच्या मागे त्यांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता.

"सोमाजी," ते म्हणाले. दीड वर्षात त्यांनी मला कधी पहिल्या नावानं हाक मारली नव्हती. "मी तुमच्यावर संशय घेतला. तुमचे आकडे खरे होते. चुकलो मी."

सगळ्या गावासमोर मी ढसाढसा रडलो, आणि सुगंधाबाईनं खिडकी उघडून डॉक्टरसाहेबांना चहा विचारला.